भविष्यात आपली माणसे कुठे आहेत?

विज्ञानकथा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? अवकाशयान, यंत्रमानव, परग्रहावरून उतरलेले विचित्र प्राणी आणि त्यांच्याशी दोन हात करणारा एखादा गोरागोमटा नायक! पोट भरलेल्यांची ही करमणूक आहे, आपल्या सुखदुःखाशी तिचे काय देणेघेणे, असे म्हणून चळवळीतला वाचक असले पुस्तक बाजूला सारतो. आम्हांला ही भूमिका मान्य नाही. उद्याचे जग कसे असेल हे जो सांगतो, तो त्या जगात कोणाला जागा असेल आणि कोणाला नसेल, हेही सांगत असतो. हजारो वर्षांच्या पुढच्या गोष्टी लिहायच्या आणि त्यात शोषितांचा मागमूसही ठेवायचा नाही, हेही एक राजकारणच आहे. या राजकारणाला आयुष्यभर लेखणीने उत्तर देणाऱ्या एका बाईची ओळख वाचकांना करून द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच. त्यांचे नाव ऑक्टेव्हिया बटलर. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजातून आलेल्या या विज्ञानकथालेखिकेने कल्पनाशक्तीचे हत्यार कसे वापरावे, हे दाखवून दिले.

अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याशी आपले नाते आजचे नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, ती निग्रोंना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. १९६६ साली कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात ब्लॅक पँथर जन्मली आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर. ज्या कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर उभी राहिली, त्याच कॅलिफोर्नियात बटलरबाई लहानाच्या मोठ्या झाल्या. म्हणून त्यांची गोष्ट आपल्याला परकी नाही.

लॉस एंजेलिसजवळच्या पासाडेना या गावी २२ जून १९४७ रोजी ऑक्टेव्हियाचा जन्म झाला. वडील लोकांच्या बुटांना पॉलिश करीत. ती लहान असतानाच ते वारले. आई गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, झाडलोट करी. आई कामाला जाई तेव्हा कधी कधी मुलगीही सोबत असे. पुढच्या दाराने आत जायची सोय नव्हती, मागच्या दाराने जायचे. घरची माणसे आईच्या देखत तिच्याविषयी वाटेल ते बोलत, जणू ती तिथे नाहीच. आई ऐकून न ऐकल्यासारखे करी आणि हातातले काम उरके. मुलीला आईची लाज वाटे, रागही येई. आई हे सहन का करते, हा प्रश्न त्या पोरवयात तिच्या मनात रुतला. याच प्रश्नातून पुढे एक अख्खी कादंबरी उभी राहिली, तिच्याकडे आम्ही येणारच आहोत.

मात्र त्याच मागच्या दाराने आणखी एक गोष्ट घरी येत होती. मालकिणींनी टाकून दिलेली जुनी पुस्तके आणि मासिके आई उचलून आणी आणि मुलीपुढे ठेवी. स्वतः आईची शाळा लहानपणीच सुटलेली. मुलीला अक्षरे नीट उमगत नसत, वाचनाचा तो दोष जन्माचाच होता. त्यात उंची वयाच्या मानाने फार आणि स्वभाव कमालीचा बुजरा. शाळेत पोरे चिडवत. मग पासाडेनाच्या सार्वजनिक वाचनालयाचा कोपरा हेच तिचे घर झाले. दहा वर्षांची असताना तिने आईकडे टंकलेखन यंत्राचा हट्ट धरला. मोलकरणीच्या पोरीला टाइपरायटर कशाला, असे कोणीही म्हणाले असते. आईने तो घेऊन दिला.

बाराव्या वर्षी तिने दूरचित्रवाणीवर एक सिनेमा पाहिला, ‘डेव्हिल गर्ल फ्रॉम मार्स’. १९५४ सालचा हा इंग्लंडमधला टुकार सिनेमा! मंगळावर पुरुष कमी पडले म्हणून तिथली एक बाई यानात बसून स्कॉटलंडला येते आणि पुरुष पळवून न्यायला बघते, अशी त्याची कथा. पोरीच्या मनात आले की याहून चांगली गोष्ट आपण लिहू शकतो. मग वाटले, याहून चांगली गोष्ट कोणीही लिहू शकेल. आणि मग ध्यानात आले की ही गोष्ट लिहिणाऱ्याला पैसेही मिळाले असणार! तेव्हापासून ती विज्ञानकथा लिहू लागली. थोर ग्रंथ वाचून लेखक झालेले आपण पुष्कळ ऐकले. एका भिकार सिनेमाने लेखिका घडवली, हे आम्हांला अधिक मोलाचे वाटते. पडद्यावर जे दाखवले जाते त्यापुढे मान तुकवायची की ‘मी याहून बरे करीन’ म्हणायचे, हा निर्णय बारा वर्षांची मुलगीही घेऊ शकते.

पण निर्णय घेतला म्हणून वाट मोकळी होत नाही. पुढच्याच वर्षी मावशीने तिला समजावले की निग्रो माणसाला लेखक होता येत नसते. मावशी दुष्ट नव्हती. तिने आजूबाजूला पाहिले होते आणि तिला एकही काळा लेखक दिसला नव्हता. त्या मुलीनेही तोवर काळ्या माणसाने लिहिलेला एक छापील शब्द वाचलेला नव्हता. ‘आपल्यातल्यांनी हे करायचे नसते’ ही समजूत व्यवस्था आपल्या घरातल्या, आपल्यावर माया करणाऱ्या माणसांच्या तोंडून वदवून घेते. हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत आमच्या वाचकांपैकी किती जणांनी आपल्या घरी ऐकले असेल!

१९६८ साली पासाडेना सिटी कॉलेजातून दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा झाला. कृष्णवर्णीय आणि गरीब होतकरूंसाठी पटकथालेखकांच्या संघटनेने चालवलेल्या वर्गात हार्लन एलिसन या नामवंत लेखकाने त्यांचे लिखाण पाहिले आणि १९७० साली पेन्सिल्व्हेनियातील क्लॅरियन येथील विज्ञानकथा कार्यशाळेला जाण्यास उत्तेजन दिले. तिथे सॅम्युअल डिलेनी भेटले. डिलेनी हे या क्षेत्रात नाव कमावलेले कृष्णवर्णीय लेखक. १९७१ साली पहिली कथा छापून आली. आता वाट सुकर झाली असे वाटेल, पण त्यानंतर पाच वर्षे काहीही विकले गेले नाही. त्या काळात बटलरबाईंनी भांडी घासली, फोनवरून माल विकला, वेफर्सच्या कारखान्यात खराब वेफर्स वेचून बाजूला काढले. पहाटे दोन-तीनला उठायचे, लिहायचे आणि मग कामावर जायचे. मेंदू लागणार नाही असली कामे त्या मुद्दाम पत्करीत, कारण डोक्यातली जागा त्यांना लिखाणासाठी राखून ठेवायची होती. १९७६ साली ‘पॅटर्नमास्टर’ ही पहिली कादंबरी आली. ‘आम्हांला वेळच मिळत नाही’ म्हणणाऱ्या आमच्या लेखकमित्रांनी याचा जरूर विचार करावा.

त्या काळी विज्ञानकथेचे जग कसे होते? १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ आला आणि जगभर गाजला. त्यात केसाळ प्राणी आहेत, बोलणारी यंत्रे आहेत, सरड्यासारखे आणि माशीसारखे जीव आहेत, पण ठळक म्हणावा असा एकही काळा चेहरा नाही. गंमत अशी की खलनायक डार्थ व्हेडरचा तो घुमणारा आवाज जेम्स अर्ल जोन्स या कृष्णवर्णीय नटाचा आहे, आणि त्या पहिल्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्याचे नावच नाही! आवाज हवा, पण माणूस नको. १९८० साली लिहिलेल्या एका लेखात बटलरबाईंनी या वृत्तीची चांगलीच हजेरी घेतली. कथेत काळे पात्र आणले की लक्ष विचलित होते, त्यापेक्षा परग्रहवासी वापरावा, असे सांगणारे लोक त्यांना भेटले होते. दूरच्या ताऱ्यावरच्या जिवांचा विचार करणाऱ्या लेखकांना शेजारच्या वस्तीतला माणूस मात्र दिसत नव्हता.

स्वतःच्या लिखाणालाही त्यांनी हीच फूटपट्टी लावली. ‘सर्व्हायव्हर’ ही त्यांची १९७८ सालची कादंबरी. पृथ्वीवरची माणसे परग्रहावर जातात आणि तिथल्या ‘नेटिव्हां’शी त्यांचे संबंध जुळतात, हा त्या काळचा ठरीव साचा तिच्यात आला होता. त्या तिला थट्टेने आपली ‘स्टार ट्रेक’ कादंबरी म्हणत आणि पुढे तिची नवी आवृत्ती त्यांनी काढू दिली नाही. साम्राज्यवाल्यांच्या कथेचा साचा तसाच उचलून त्यात आपली पात्रे बसवली की काम झाले, असे त्या मानत नव्हत्या. साचाच तपासला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

तरीही ‘सर्व्हायव्हर’ने एक मोठे काम केले. तिच्या पैशांतून बटलरबाईंनी मेरीलँडचा प्रवास केला. त्या मोटार चालवत नसत. कॅलिफोर्निया अमेरिकेच्या पश्चिम टोकाला, मेरीलँड पूर्व टोकाला; हे सारे अंतर त्यांनी ग्रेहाउंड कंपनीच्या बसने कापले. कशासाठी? त्याचे मूळ कॉलेजच्या दिवसांत होते. काळ्यांच्या स्वाभिमानाने पेटलेला एक तरुण त्यांच्यासमोर बोलून गेला होता की या म्हाताऱ्यांनी आपल्याला इतकी वर्षे मागे ठेवले, त्यांना मारून टाकावेसे वाटते. पण सुरुवात आईबापांपासून करावी लागेल म्हणून गप्प बसतो. बाईंना आपली आई आठवली आणि ते मागचे दार आठवले. तो तरुण पुष्कळ वाचलेला होता, गुलामगिरीचा इतिहास त्याला तोंडपाठ होता. पण तो इतिहास त्याच्या डोक्यात होता, अंगावर आलेला नव्हता. तो अंगावर यावा अशी कथा लिहायची, असे बाईंनी ठरवले.

हॅरिएट टबमन आणि फ्रेडरिक डग्लस हे गुलामगिरीतून निसटून लढ्याचे नेते झालेले दोघेही मेरीलँडच्या पूर्व किनाऱ्यावरचे. बाईंनी तो प्रदेश पायांखाली घातला, बाल्टिमोरच्या वाचनालयात आणि इतिहास संस्थेत जुनी दफ्तरे चाळली. शेजारच्या व्हर्जिनियात जॉर्ज वॉशिंग्टनचा माउंट व्हर्नन हा वाडा आहे, तोही पाहिला. राष्ट्रपित्याच्या त्या मळ्यावर शेकडो गुलाम राबत होते. पण वाडा दाखवणारे मार्गदर्शक ‘गुलाम’ हा शब्दच उच्चारत नव्हते, ‘नोकर’ म्हणत होते! इतिहास असाही पुसला जातो. ग्रंथ जाळावे लागत नाहीत, एक शब्द बदलला की काम भागते.

या प्रवासातून १९७९ साली ‘किंड्रेड’ ही कादंबरी आली. डाना ही १९७६ सालची लॉस एंजेलिसमधली कृष्णवर्णीय लेखिका. एके दिवशी घरात पुस्तके लावता लावता ती अचानक एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या मेरीलँडमध्ये जाऊन पडते. समोर एक गोरा पोरगा नदीत बुडत असतो. तो मळेवाल्याचा मुलगा रूफस, आणि हाच आपला पूर्वज, हे तिला पुढे कळते. तो जगला तरच तिचा वंश जन्माला येणार. म्हणजे आपल्या माणसांना विकणाऱ्या, आपल्या आजीच्या आजीवर बळजोरी करणाऱ्या माणसाला तिने पुन्हा पुन्हा वाचवायचे! यात कालयंत्र नाही, विज्ञानाचा चमत्कार नाही. वर्गवारी कशी करावी हे प्रकाशकांना कळेना, बऱ्याच ठिकाणांहून हस्तलिखित परत आले. आधी बाईंनी नायक पुरुष घेतला होता. पण विसाव्या शतकात ताठ मानेने वाढलेला काळा पुरुष त्या मळ्यावर चार दिवसही जिवंत राहिला नसता, म्हणून नायिका आली.

या कादंबरीतली सारा ही स्वयंपाकीण आम्हांला फार महत्त्वाची वाटते. ती मालकाचे ऐकते, उलट बोलत नाही, पळून जाण्याच्या गोष्टी निघाल्या की कानावर हात ठेवते. डाना प्रथम तिला मनातल्या मनात लाचार ठरवून मोकळी होते. मग कळते की साराची तीन मुले मालकाने विकून टाकली आहेत. चौथी मुलगी मुकी, तिला बाजारात भाव नाही म्हणून तेवढी आईजवळ उरली आहे. ती शेवटची मुलगी हातची जाऊ नये म्हणून सारा गप्प आहे. शेवटी डाना आपल्या काळात परतते ती एक हात गमावूनच. त्या काळातून धडधाकट परत येणे कोणालाच शक्य नव्हते, हे बाईंना सांगायचे होते.

वाचकहो, हा प्रश्न केवळ अमेरिकेचा आहे काय? आमच्याकडे शिकलेली तिसरी-चौथी पिढी कधी कधी आपल्या आज्या-पणज्यांविषयी फार सहज बोलून जाते. ‘जोहार’ का घातला, येसकरपाळीची भाकर का मागितली, मेलेले ढोर का ओढले, असे विचारले जाते. संताप समजण्यासारखा आहे, आणि ते जिणे झुगारून द्यायला बाबासाहेबांनीच शिकवले. पण ज्या माणसांनी वाकून दिवस काढले, त्यांनीच पोरांना शाळेत घातले, हेही विसरता कामा नये. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, ‘किंड्रेड’ त्याच्या दुसऱ्या वर्षी. हजारो मैलांवर, एकमेकांची वार्ता नसताना, दोन लेखक आपल्या माणसांच्या अपमानाकडे थेट पाहत होते. एकाने स्वतःचे आयुष्य सांगितले, दुसरीने कल्पनेची वाट धरली. व्यवस्था वाईट होती, हे दोघांनीही निक्षून सांगितले. तिच्यात जगलेल्यांना मात्र त्यांनी तुच्छ लेखले नाही.

बटलरबाईंच्या बसप्रवासाने आणखीही पुष्कळ दिले. लॉस एंजेलिसमध्ये बसने फिरणारा म्हणजे गरीब, काळा किंवा मेक्सिकन. त्यांच्यात बसून त्या माणसे पाहत आणि वहीत टिपत. एकदा बसमध्ये रक्तबंबाळ करणारी मारामारी झाली. माणसे शब्दांऐवजी मुठींनी का बोलतात, या विचारातून ‘स्पीच साउंड्स’ ही कथा जन्मली. साथीच्या रोगाने माणसांची वाचा आणि अक्षरओळख गेली आहे, अशा जगाची ही कथा. तिला १९८४ साली ह्यूगो पुरस्कार मिळाला. पेरू देशातल्या ॲमेझॉनच्या जंगलात जायचे ठरले, तेव्हा तिथल्या एका माशीची त्यांनी धास्ती घेतली. तिची अळी माणसाच्या मांसात वाढते. ही भीती त्यांनी ‘ब्लडचाइल्ड’ या कथेत उतरवली. परग्रहावरच्या जिवांची अंडी पोटात वाढवणाऱ्या मुलाच्या या कथेला नेब्युला आणि ह्यूगो असे दोन्ही सन्मान लाभले. समीक्षकांनी ती लगेच गुलामगिरीची कथा ठरवून टाकली. बाईंनी ते मानले नाही. ही प्रेमाची कथा आहे, असे त्या सांगत राहिल्या. काळ्या लेखिकेने काहीही लिहिले तरी ते गुलामगिरीवरच असणार, असे गृहीत धरणे हाही एक पिंजराच आहे. ‘दलित लेखक’ या शिक्क्याखाली ज्यांची प्रेमकविता वाचलीच जात नाही, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

१९९३ सालची ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ ही त्यांची आज पुष्कळ वाचली जाणारी कादंबरी. ती सुरू होते २०२४ साली. हवामान बिघडले आहे, पाणी महागले आहे, वणवे पेटत आहेत, सुखवस्तू लोक भिंतींच्या आत आणि बाकीचे रस्त्यावर. कंपन्या अख्खी गावे विकत घेऊन कामगारांना कर्जात अडकवून वेठीला धरत आहेत. लॉरेन ही कृष्णवर्णीय तरुणी घरदार जळाल्यावर पायी उत्तरेकडे निघते, वाटेत भेटलेल्या सर्व वर्णांच्या माणसांना सोबत घेते आणि नवी वस्ती उभारते. बदल हेच जगातले एकमेव टिकाऊ सत्य, ही तिची शिकवण. अनित्यतेचा विचार जाणणाऱ्यांना ती ओळखीची वाटेल. १९९८ च्या पुढच्या भागात धर्माच्या नावाने मते मागणारा एक पुढारी अमेरिकेला पुन्हा थोर करण्याची हाक देतो. प्रत्यक्षातला २०२४ आणि २०२५ चा जानेवारी आला, तेव्हा लोकांनी हे पुस्तक पुन्हा उघडले. त्या जानेवारीत पासाडेनाला लागून असलेले अल्ताडेना हे गाव वणव्यात होरपळले. बटलरबाईंची समाधी त्याच गावात आहे. म्हणून त्यांना भविष्यवेत्त्या म्हणण्याची घाई मात्र कोणी करू नये. त्यांनी पत्रिका मांडली नव्हती. आज ज्या प्रश्नांकडे आपण दुर्लक्ष करतो, ते तीस वर्षे तसेच वाढू दिले तर काय होईल, एवढाच हिशेब त्यांनी मांडला होता. ही चिकित्सा आहे, चमत्कार नव्हे.

१९९५ साली त्यांना २ लाख ९५ हजार डॉलर्सची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. विज्ञानकथालेखकाला ती मिळण्याची ही पहिलीच वेळ. २४ फेब्रुवारी २००६ रोजी सिएटलजवळ राहत्या घराबाहेर पडून अवघ्या ५८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आपली पुस्तके सर्वाधिक खपाच्या यादीत जातील, असे त्यांनी १९८८ साली वहीत स्वतःला बजावून लिहून ठेवले होते. २०२० साली, मृत्यूनंतर चौदा वर्षांनी, ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत गेली. २०२१ साली ‘नासा’चे पर्सिव्हरन्स हे यान मंगळावर उतरले, त्या जागेला बटलर यांचे नाव देण्यात आले. मंगळावरच्या बाईचा टुकार सिनेमा पाहून लिहू लागलेल्या मोलकरणीच्या मुलीचे नाव आज मंगळावर आहे!

त्याच वहीत आणखी एक संकल्प होता, गरीब काळ्या मुलांना क्लॅरियनच्या कार्यशाळेला पाठवण्याचा. त्यांच्या पश्चात २००६ साली त्यांच्या नावे शिष्यवृत्ती सुरू झाली. तिचा लाभ घेऊन २०१२ साली कोलकात्याचे इंद्र दास सिएटलच्या कार्यशाळेत शिकून आले. मंगळावरच्या नावापेक्षा आम्हांला या शिष्यवृत्तीचे मोल अधिक वाटते.

आपल्या साहित्याने भूतकाळाची वेदना मांडली, वर्तमानाचा जाब विचारला. ते काम संपलेले नाही. पण शंभर वर्षांनंतरचे गाव कसे असेल, तिथे पाणवठा कोणाचा असेल, यंत्रे कोणाच्या मालकीची असतील, आपली नात कुठे उभी असेल, हे आपण लिहिले नाही तर दुसरे लिहितील आणि त्यात आपण नसू. विहारात, वसतिगृहात, वस्तीच्या वाचनालयात कथा-कविता लिहिणाऱ्या मुली आहेत. त्यातली एखादी उद्या म्हणेल की मला परग्रहाची गोष्ट लिहायची आहे. तेव्हा तिला हसू नका, आणि ‘आपल्यातल्यांनी हे करायचे नसते’ असे तर मुळीच म्हणू नका. तिला एक वही घेऊन द्या.